मराठी पुस्तकातील रोमन मजकुरासाठी गॅरामंड: जुळणीचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

सह्याद्रीतील वृक्षांवरचे एखादे मराठी पुस्तक जुळणीला आले आहे असे धरू. मुख्य मजकूर मराठी आहे, पण प्रत्येक नोंदीत झाडाचे शास्त्रीय नाव रोमन लिपीत आहे, मधूनच इंग्रजी ग्रंथातला उतारा येतो आणि शेवटची संदर्भसूची निम्मी इंग्रजी आहे. अशा पुस्तकातल्या रोमन मजकुरासाठी जुन्या वळणाचा सेरिफ फॉन्ट, म्हणजे रेषांच्या टोकांना बारीक पाय असलेला फॉन्ट, निवडला जातो आणि त्यात गॅरामंडची निवड बहुतेक वेळा योग्यच असते. तरीही छापून आलेली पाने ठिगळ लावल्यासारखी दिसतात. रोमन शब्द शिरोरेषेच्या वर डोके काढतात किंवा फिकट पडतात, इंग्रजी शब्द आलेली ओळ वरच्या ओळीपासून लांब सरकते आणि तिरप्या नावाशेजारचे मराठी प्रत्ययही तिरपे होतात. बहुतेक ठिकाणी कारण एकच असते. दोन्ही लिप्यांना पॉइंटचा एकच आकडा दिला जातो आणि पुढचे संगणक सांभाळेल असे गृहीत धरले जाते.

पुढचा क्रम इनडिझाइन या पाने लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पुस्तके लावणाऱ्यांसाठी आहे. वर्ड किंवा लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांना जिथे वेगळे वागावे लागते, तिथे तसे सांगितले आहे. पायऱ्यांचा क्रम बदलू नये, कारण देवनागरीचा आकार ठरण्याआधी गॅरामंडचा आकार ठरवला, तर सगळे काम पुन्हा करावे लागते.

१. मजकूर खरोखर युनिकोडमध्ये आहे का, हे पाहणे

श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर आपल्याला मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात, ज्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. अशा मजकुरात ‘रोमन अक्षरे शोधून त्यांना गॅरामंड लाव’ अशी आज्ञा दिली, की अख्खे पुस्तक निरर्थक इंग्रजी अक्षरांनी भरून जाते. त्यामुळे आधी मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि रूपांतरानंतर तो लेखकाकडे एकदा वाचायला पाठवावा. मुद्रितशोधन पुढे होणारच आहे म्हणून हे वाचन टाळू नये, कारण या टप्प्यावरच्या चुका एका विशिष्ट जातीच्या असतात आणि त्या एकगठ्ठा दुरुस्त करता येतात.

कोणते शब्द पाहायचे तेही ठरलेले आहेत. ‘पद्धत’चे ‘पध्दत’ झाले आहे का? ‘ॲ’ आणि ‘ऑ’ टिकले आहेत का? ‘वाङ्मय’, ‘उद्ध्वस्त’, ‘चिठ्ठी’, ‘ज्ञान’, ‘ऋतू’ शाबूत आहेत का? ‘दुसऱ्या’ आणि ‘कुऱ्हाड’ यांतला अर्धा र विशेष तपासावा. तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो, एक नुक्त्याच्या ‘ऱ’पासून आणि दुसरा साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण ‘शोधा आणि बदला’ करताना एक प्रकार सापडतो आणि दुसरा निसटतो. सगळ्या पुस्तकात एकच प्रकार ठेवावा.

तपासणी: मजकुराची एक प्रत घेऊन तिला सरसकट गॅरामंड लावून पाहा. जे युनिकोडमधले मराठी आहे ते रिकाम्या चौकटींत किंवा दुसऱ्या एखाद्या देवनागरी फॉन्टमध्ये दिसेल. जिथे मराठी वाक्याच्या जागी रोमन अक्षरांची गर्दी दिसेल, तो भाग अजून जुन्या फॉन्टमध्ये आहे.

२. कोणता गॅरामंड, हे नावासकट लिहून ठेवणे

‘गॅरामंड’ हे एका फॉन्टचे नाव नाही, तर सोळाव्या शतकातला फ्रेंच अक्षरकार क्लोद गारामाँ याच्या नावाने ओळखले जाणारे फॉन्टचे घराणे आहे. मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर येणारा मोनोटाइपचा गॅरामंड हा प्रत्यक्षात सतराव्या शतकातल्या जाँ जानों याच्या अक्षरांवर बेतलेला आहे. अडोबी गॅरामंड १९८९ चा, रॉबर्ट स्लिंबाख यांचा. आयटीसी गॅरामंडची लहान अक्षरे इतकी मोठी आहेत की त्याला या घराण्यात कसे धरावे, असा प्रश्न पडतो. गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळणारा ईबी गॅरामंड गेऑर्ग डुफ्नर यांनी सुरू केला आणि ऑक्टाव्हिओ पार्दो यांनी त्याची जाड वजने, म्हणजे जाडीचे प्रकार, वाढवली. त्यातला ‘ईबी’ म्हणजे एगेनॉल्फ-बर्नर, आणि त्याचा आधार १५९२ चा फ्रँकफुर्टचा अक्षरनमुना आहे. त्यातली उभी अक्षरे क्लोद गारामाँ याची आहेत आणि तिरपी रोबेर ग्रांजाँ याची.

ही माहिती इथे एकाच कारणासाठी दिली आहे. या चारही फॉन्टमध्ये अक्षरांची रुंदी वेगळी आहे. लेखकाच्या संगणकावर एक, तुमच्याकडे दुसरा आणि छापखान्यात तिसरा गॅरामंड असेल, तर ओळी बदलतात, पाने सरकतात आणि विषयसूचीतले पृष्ठक्रमांक खोटे ठरतात.

मी ईबी गॅरामंड सुचवतो आणि पुढचे सर्व आकडे त्याचेच आहेत. त्याचा परवाना ओपन फॉन्ट लायसन्स आहे, म्हणजे विक्रीच्या पुस्तकात तो वापरता येतो आणि पीडीएफमध्ये अंतर्भूतही करता येतो. फक्त फॉन्टची फाइल स्वतंत्रपणे विकता येत नाही. रेग्युलर, मीडियम, सेमीबोल्ड, बोल्ड आणि एक्स्ट्राबोल्ड ही पाच वजने उभ्या आणि तिरप्या अशा दोन्ही वळणांत आहेत. पुस्तकासाठी रेग्युलर, मीडियम आणि सेमीबोल्ड पुरेशी आहेत, पण प्रत्येकाची तिरपी फाइल आठवणीने बसवावी.

इशारा: डाउनलोडमध्ये सगळी वजने एकत्र असलेली व्हेरिएबल फाइल आणि प्रत्येक वजनाच्या सुट्या फाइल अशा दोन्ही असतात. दोन्ही एकत्र बसवल्या तर नावांचा घोळ होतो. छपाईच्या कामासाठी सुट्या फाइलच घ्याव्यात.

३. देवनागरी आधी ठरवणे

पुस्तक मराठी आहे, तेव्हा पानाचे माप देवनागरी ठरवते आणि गॅरामंड त्या मापात बसवला जातो. हे सांगावे लागते याचे कारण असे की बरेच जण इंग्रजी पुस्तकाचा आराखडा घेऊन, त्यातला गॅरामंड ११ पॉइंटवर तसाच ठेवून, मराठी त्याच्यात कोंबतात.

देवनागरी फॉन्ट जाड-बारीक रेषांचा असावा. रोमन लेखणीचे आणि देवनागरी बोरूचे टोक एकमेकांच्या उलट बाजूंना तासलेले असते, त्यामुळे रोमनमध्ये ज्या कर्णावर रेष जाड होते, त्याच्या विरुद्ध कर्णावर ती देवनागरीत जाड होते. दोन्ही लिप्यांच्या रेषा एकसारख्या कधीच होणार नाहीत, तसा हट्टही धरू नये. मात्र दोहोंत जाड-बारीकपणा असला म्हणजे लेखणीचा हात जाणवतो आणि त्या एका पानावर नांदतात. ‘मुक्ता’सारखा सपाट, एकाच जाडीच्या रेषेचा फॉन्ट पडद्यावर आणि फलकांवर उत्तम दिसतो, पण गॅरामंडशेजारी तो ठोकळ्यासारखा वाटतो.

टिरो देवनागरी मराठी, राज्य मराठी विकास संस्थेने तयार करवून घेतलेला यशोमुद्रा आणि नोटो सेरिफ देवनागरी हे तीन पर्याय मी आधी पाहतो. टिरोचे वळण पुस्तकी आणि प्रसन्न आहे, पण त्यात ठळक वजन नाही, म्हणून शीर्षकांची सोय आधीच लावावी लागते. नोटोत वजने भरपूर आहेत. फॉन्ट कोणताही घेतला तरी परिच्छेदाच्या शैलीत भाषा ‘मराठी’ अशी नोंदवावी, कारण काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ भाषा सांगितल्यावरच येतात. नाहीतर हिंदी वळण पडते आणि वाचकाला काय खटकते ते नेमके सांगता येत नाही.

तपासणी: ‘शाल, लठ्ठ, वाङ्मय, दृष्टी, ब्रह्म, द्वार, सूर्य, कुऱ्हाड’ एवढे शब्द मोठ्या आकारात छापून पाहा. एकही जोडाक्षर पायमोडके निघाले, तर फॉन्ट बदला किंवा पुढच्या सहाव्या पायरीतली कंपोझरची सूचना आधी वाचा.

४. आकार मोजून जुळवणे

चुका सगळ्यात जास्त इथेच होतात, म्हणून इथे घाई करू नये.

पॉइंटचा आकडा अक्षराची उंची सांगत नाही. तो अक्षर ज्या अदृश्य चौकटीत बसवलेले असते तिची उंची सांगतो, आणि त्या चौकटीचा किती भाग अक्षराने व्यापावा हे फॉन्ट करणाराच ठरवतो. गॅरामंड घराण्याची लहान अक्षरे मुळातच ठेंगणी आहेत. ईबी गॅरामंडमध्ये साध्या लहान अक्षराची उंची चौकटीच्या सुमारे ४० टक्के आणि मोठ्या अक्षराची सुमारे ६५ टक्के असते. देवनागरीची उंची फॉन्टगणिक बदलते, ती आपणच मोजायची.

कृती अशी. १०० पॉइंटमध्ये ‘मन’ लिहा, कारण या शब्दात शिरोरेषेच्या वर किंवा अक्षरांच्या पायाखाली काही जात नाही. पायापासून शिरोरेषेच्या वरच्या कडेपर्यंतची उंची इनडिझाइनच्या मार्गदर्शक रेषांनी मोजा. समजा ती ६० पॉइंट भरली. मुख्य मजकूर १३ पॉइंटचा ठरला असेल, तर छापील उंची १३ गुणिले ०.६० म्हणजे ७.८ पॉइंट. गॅरामंडचे मोठे अक्षर तेवढेच उंच हवे असेल, तर ७.८ भागिले ०.६५ म्हणजे १२ पॉइंट हा आकार निघतो.

हिशेबातला आकडा ही सुरुवात समजावी. १२ पॉइंटवर मोठी अक्षरे शिरोरेषेशी बरोबर मिळतात, पण लहान अक्षरे ४.८ पॉइंटचीच राहतात, आणि शास्त्रीय नावात तर पहिले एकच अक्षर मोठे असते. म्हणून मी त्यात अर्धा पॉइंट घालतो. १२.५ वर मोठे अक्षर शिरोरेषेच्या किंचित वर जाते, पण ते एकटे असल्याने खटकत नाही, आणि बाकीचा शब्द वाचनीय होतो. याउलट पुस्तकात संस्थांची मोठ्या अक्षरांतली संक्षिप्त रूपे फार असतील, तर १२ वरच थांबावे.

मग हेच प्रमाण सगळीकडे लावावे. १३ ला १२.५ म्हणजे १०० ला साधारण ९६, तळटीपा १०.५ च्या असतील तर गॅरामंड १० चा. प्रत्येक टीपेला डोळ्याने वेगळा आकार देत बसू नये.

उंची जुळली की काळेपणा पाहावा. मराठी मजकूर सहसा अधिक दाट दिसतो आणि गॅरामंड रेग्युलर त्यात विरळ पडतो. अशा वेळी आकार वाढवण्याऐवजी मीडियम वजन लावावे. तळटीपांत तर मीडियमच बरा, कारण या फॉन्टच्या बारीक रेषा लहान आकारात टिकत नाहीत. काळ्या पट्टीवरच्या पांढऱ्या अक्षरांनाही तेच लागू आहे, कारण शाई आत सरकते आणि अक्षराचे पाय गिळते.

तपासणी: छापलेले पान उलटे धरा आणि हात लांब करून डोळे किलकिले करा. अक्षरे वाचता येत नसताना रोमन शब्द कुठे आहेत हे लगेच सांगता आले, तर जुळणी अजून झालेली नाही.

५. ओळींमधले अंतर बांधून टाकणे

मराठी ओळीत शिरोरेषेवर रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकत्र येतात, तर खाली उकार, ऋकार आणि उभी जोडाक्षरे लोंबतात. रोमन मजकुराला जे अंतर ऐसपैस वाटते, त्यात ही चिन्हे एकमेकांना भिडतात. वरच्या ओळीत ‘उद्ध्वस्त कुटुंबातील’ आणि बरोबर तिच्याखाली ‘मूर्तींच्या कीर्तीचा’ असे लिहून पाहावे. चिन्हांमध्ये केसभर पांढरी जागा उरली पाहिजे. डेमी आकाराच्या पानावर १३ पॉइंटच्या मजकुराला १८ पॉइंटपासून सुरुवात करावी.

हे अंतर आकड्याने पक्के करावे, ‘ऑटो’वर ठेवू नये. ऑटोमध्ये प्रत्येक ओळीचे अंतर त्या ओळीतल्या अक्षरांवरून ठरते. वर्डमध्ये हा दोष अधिक ठळक दिसतो: चार ओळी नीट येतात, पाचवीत एक इंग्रजी शब्द येतो आणि तेवढीच ओळ खाली सरकते. वर्डमध्ये यासाठी ‘एक्झॅक्टली’ आणि लिब्रेऑफिसमध्ये ‘फिक्स्ड’ हा पर्याय आहे.

तपासणी: समोरासमोरची दोन पाने उजेडासमोर एकावर एक धरा. ओळींवर ओळी बसल्या पाहिजेत.

६. शैली बांधणे

इनडिझाइनमध्ये मजकूर आणण्यापूर्वी प्रत्येक परिच्छेदशैलीत ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडलेला आहे का ते पाहावे. नसेल तर ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी जाते आणि जोडाक्षरांऐवजी हलन्त दिसतात. मग लोक फॉन्टला दोष देतात.

त्यानंतर रोमन मजकुरासाठी वर्णशैली (कॅरेक्टर स्टाइल) तयार कराव्यात: मुख्य मजकुरासाठी उभी आणि तिरपी, तळटीपांसाठी उभी आणि तिरपी. प्रत्येकीत फॉन्ट, वजन, आकार आणि भाषा ‘इंग्रजी’ असे नोंदवावे, म्हणजे लांब इंग्रजी शब्द ओळीच्या शेवटी योग्य जागी तुटतात. एकच वर्णशैली करून तिच्यात अक्षरांची आडवी-उभी टक्केवारी ९६ करून ठेवण्याची युक्ती काही जण वापरतात. ती चालते, पण सहा महिन्यांनी दुसरी आवृत्ती काढताना खरा आकार किती होता हे कोणालाच कळत नाही, म्हणून मी ती टाळतो.

उभी शैली परिच्छेदात ‘ग्रेप स्टाइल’ने, म्हणजे सूत्रात बसणारी अक्षरे शोधून त्यांना शैली लावणाऱ्या सोयीने, आपोआप लावता येते. इथे दोन चुका ठरलेल्या आहेत. पहिली अशी की शोधसूत्रात फक्त ए ते झेड ही साधी अक्षरे दिली जातात. मग फ्रेंच नावांतली खुणांची अक्षरे किंवा संस्कृत शब्दांच्या लिप्यंतरातली खाली टिंब असलेली अक्षरे सुटतात आणि एकाच शब्दात दोन फॉन्ट येतात. सूत्रात रोमनचा विस्तारित पट्टा आणि इंग्रजी अंकही घ्यावेत. दुसरी चूक म्हणजे दोन रोमन शब्दांमधले स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा सूत्राबाहेर राहतात, त्यामुळे इंग्रजी उताऱ्यातले प्रत्येक विरामचिन्ह देवनागरी फॉन्टमधून येते.

सूत्राबाहेर राहिलेल्या अक्षरांबद्दल इनडिझाइन कसलाही इशारा देत नाही, कारण बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये त्यांची स्वतःची रोमन अक्षरे असतात. ती गुपचूप वापरली जातात.

वर्डमध्ये ग्रेप नाही, पण तिथे सोय मुळातच आहे: शैलीच्या फॉन्ट-खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’साठी वेगळा फॉन्ट आणि वेगळा आकार देता येतो. वरच्या चौकटीत गॅरामंड १२.५ आणि खालच्या चौकटीत देवनागरी १३ असे भरावे. लिब्रेऑफिसमध्येही हीच विभागणी आहे.

इशारा: जस्टिफिकेशनच्या खिडकीत अक्षरांमधले अंतर तिन्ही रकान्यांत शून्य आणि अक्षरांची रुंदी तिन्ही रकान्यांत १०० ठेवावी. रोमनमध्ये थोडेसे अंतर वाढले तर कळत नाही. देवनागरीत शिरोरेषा तुटते. माझ्या हातून हे एकदा झाले आहे. प्रकरणांची शीर्षके भारदस्त दिसावीत म्हणून मी अक्षरांमधले अंतर वाढवले, पडद्यावर लहान करून पाहिले तेव्हा सगळे नीट वाटले, आणि छापून आल्यावर ‘पर्णझडीची अरण्ये’ या शीर्षकातले प्रत्येक अक्षर आपापली आखूड शिरोरेषा घेऊन वेगळे उभे होते. सोळा पानांचा तो फर्मा पुन्हा छापावा लागला.

७. तिरपे वळण आणि शास्त्रीय नावे

शास्त्रीय नावात प्रजाती (जीनस) आणि जाती (स्पीशीज) दोन्ही तिरप्या अक्षरांत लिहितात, पण पुढे येणारे नामकर्त्याचे संक्षिप्त नाव उभे राहते. आंब्याच्या ‘मँजिफेरा इंडिका’नंतर येणारा लिनियसचा ‘एल.’ उभाच हवा. हे ग्रेपला कळत नाही. म्हणून मजकूर वर्डमध्ये असतानाच लेखकाने तिरपी केलेली नावे शोधून त्यांना वर्णशैली लावावी आणि त्या शैलीसकट मजकूर इनडिझाइनमध्ये आणावा. त्याच फेरीत तिरपे केलेले मराठी शब्द सरळ करून घ्यावेत. देवनागरीला तिरप्या वळणाची परंपरा नाही. ग्रंथनामाला एकेरी अवतरणचिन्हे आणि भर द्यायच्या शब्दाला ठळक वजन पुरते.

खोटे तिरपे वळण ओळखता आले पाहिजे. तिरपी फाइल बसवलेली नसली, तर वर्डसारखी प्रणाली उभ्याच अक्षराला ढकलून वाकवते. ग्रांजाँच्या वळणातला खरा तिरपा ‘ए’ एकमजली असतो, म्हणजे एक पोट आणि एक दांडी, आणि ‘एफ’चे शेपूट ओळीच्या खाली उतरते. ‘ए’च्या डोक्यावर उभ्या अक्षरासारखी कमान दिसली, तर ते वाकवलेले उभे अक्षर समजावे. हिरड्याचे ‘टर्मिनालिया चेब्युला’ हे नाव तपासणीला सोयीचे आहे, कारण त्यात ‘ए’ तीनदा येतो.

तिरपी अक्षरे उभ्यांपेक्षा अरुंद असतात आणि मराठी ओळीत आणखी फिकट दिसतात. मुख्य मजकुरात उभ्याला रेग्युलर पुरत असला, तरी तिरप्याला मीडियम लावून तुलना करावी. नोंदीच्या शीर्षकात मराठी नाव ठळक असेल तर शास्त्रीय नावाला सेमीबोल्ड तिरपा द्यावा. बोल्ड तिथे अवजड होतो. एकाच प्रजातीची नावे ओळीने येताना प्रजातीचे आद्याक्षर आणि जातीचे नाव यांच्यामध्ये न तुटणारी मोकळी जागा घालावी.

८. प्रत्यय, विरामचिन्हे आणि अंक

इंग्रजी मार्गदर्शकांत न सापडणारी अडचण ही आहे. मराठीत नावाला प्रत्यय लागतो. रोमन लिपीतल्या तिरप्या नावाला थेट ‘ची’ किंवा ‘मध्ये’ चिकटवले, तर शब्दाच्या मध्येच लिपी, वळण आणि उंची तिन्ही बदलतात. जागा सोडली तर प्रत्यय पोरका होऊन पुढच्या ओळीत जातो. लेखकाला वाक्य बदलायला सांगणे हा पहिला उपाय. ‘या झाडाची पाने’, ‘या जातीमध्ये’ असे लिहिले की प्रत्यय मराठी शब्दावर जातो. ते शक्य नसेल तर मध्ये संयोगचिन्ह घालावे, ते देवनागरी फॉन्टमधले आणि न तुटणाऱ्या प्रकारचे असावे. पुस्तकभर पद्धत एकच हवी.

विरामचिन्हांचा नियम सोपा आहे: वाक्य ज्या लिपीचे, चिन्हे त्या लिपीच्या फॉन्टची. मराठी वाक्यातल्या रोमन नावापुढचा पूर्णविराम देवनागरी फॉन्टचा आणि उभा. कंसात रोमन नाव असेल तर दोन्ही कंस देवनागरीचे. एक कंस सरळ आणि एक तिरपा ही चूक प्रत्येक पुस्तकात किमान एकदा सापडते.

मराठी मजकुरात अंक देवनागरी ठेवावेत आणि इंग्रजी संदर्भाच्या आत इंग्रजी. ईबी गॅरामंडमध्ये इंग्रजी अंक दोन प्रकारचे आहेत, एक मोठ्या अक्षरांच्या उंचीचे आणि दुसरे जुन्या पद्धतीचे, वर-खाली झुलणारे. संदर्भसूचीत सालांसाठी जुन्या पद्धतीचे अंक शोभतात; कोष्टकात पहिले घ्यावेत. संक्षिप्त रूपांसाठी ‘स्मॉल कॅप्स’ वापरायची असतील, तर ती फॉन्टमधली खरी असावीत. वर्डचे बटण मोठी अक्षरे नुसती लहान करते आणि त्यांच्या रेषा शेजारच्या अक्षरांपेक्षा बारीक होतात.

९. नमुना पाने छापणे

पूर्ण पुस्तक लावण्यापूर्वी चार पाने छापावीत: एक निव्वळ मराठी मजकुराचे, एक दाट नोंदींचे, एक इंग्रजी उताऱ्याचे आणि एक संदर्भसूचीचे. कागद शक्यतो पुस्तकाचाच घ्यावा. घरच्या लेझर प्रिंटरवर अक्षर थोडे जाड उमटते, तर ऑफसेटचा परिणाम कागद किती शाई पितो यावर ठरतो, त्यामुळे वजनाचा अंतिम निर्णय छापखान्याकडच्या नमुन्यावरच घ्यावा. निर्णय झाला की फॉन्टची नावे, वजने, आकार आणि ओळींचे अंतर एका कागदावर लिहून कामाच्या फोल्डरमध्ये फॉन्टच्या फाइलशेजारी ठेवावे.

१०. पीडीएफ सोपवणे

अक्रोबॅटमध्ये ‘डॉक्युमेंट प्रॉपर्टीज’मधली फॉन्टची यादी उघडावी. तिथे आपण निवडलेले फॉन्टच दिसले पाहिजेत आणि प्रत्येकापुढे तो अंतर्भूत असल्याची नोंद पाहिजे. टाइम्स न्यू रोमन, मंगल किंवा निर्मला दिसला, तर कुठेतरी एखादी मोकळी जागा, चौकटीतला शब्द किंवा तळटीपेचा क्रमांक शैलीबाहेर राहिला आहे. इनडिझाइनच्या ‘फाइंड/रिप्लेस फॉन्ट’ने (जुन्या आवृत्त्यांत ‘फाइंड फॉन्ट’) ती जागा सापडते.

अक्षरांचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा असावा. वर्डमधून थेट काढलेल्या पीडीएफमध्ये तो पुष्कळदा चार शाईंचा होतो, आणि चार प्लेटांपैकी एक जरी केसभर सरकली तरी गॅरामंडचे बारीक पाय रंगीत कडांनी धूसर होतात. ‘आउटपुट प्रिव्ह्यू’मध्ये काळी शाई बंद करून पाहावे, मजकुराचे पान पूर्ण कोरे दिसले पाहिजे.

काही छापखाने ‘सगळे कर्व्ह करून द्या’, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करून द्या, असे सांगतात. मुखपृष्ठासाठी ते ठीक आहे, पण आतल्या पानांसाठी फॉन्ट अंतर्भूत केलेलीच पीडीएफ द्यावी, कारण कर्व्ह केलेल्या मजकुरात शोध चालत नाही आणि शेवटच्या क्षणी सापडलेली एका अक्षराची चूकही फाइलमध्ये दुरुस्त करता येत नाही. छापखान्याला ही अट कामाचा दर ठरवतानाच सांगावी. पहिला फर्मा यंत्रावरून उतरला की त्यातले दाट नोंदींचे पान मंजूर केलेल्या नमुन्याशेजारी ठेवून, गॅरामंडची तिरपी नावे नमुन्यापेक्षा फिकट तर पडली नाहीत ना, हे पाहूनच पुढच्या फर्म्याला होकार द्यावा.